उधळण

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर येतात, ढोल घुमतात, फरांडेबाबा भाकणूक सांगतात आणि भंडारा, खोबरं, खारका यांच्याबरोबर मुठी-मुठींनी लोकर उधळली जाते. साधारण त्याच सुमाराला, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरवर, हडसन नदीच्या खोऱ्यातल्या राइनबेक या गावी मेंढ्यांची आणखी एक जत्रा भरते. तिचं रीतसर नाव ‘न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वुल फेस्टिव्हल’. पण विणकाम करणारी मंडळी नुसतं ‘राइनबेक’ म्हणतात. ‘पंढरपूरला चाललो’ म्हटलं की ‘कशाला?’ असं कुणी विचारत नाही, तसंच हे. तिथेही मेंढ्या असतात, गर्दी असते, खाण्याच्या गाड्यांपुढे रांगा असतात आणि उधळणही असते. फरक एवढाच, की पट्टणकोडोलीला लोकर उधळतात आणि राइनबेकला पैसे. या दुसऱ्या उधळणीबद्दल विणकाम न करणाऱ्या जगाचं मत ठरून गेलेलं आहे. घरात लोकरीने दोन कपाटं भरलेली असताना तिसऱ्याची बेगमी करून येणाऱ्या माणसाला हौशी म्हणावं की वेडा, एवढाच काय तो मतभेद. मला या वेड्यांचं वकीलपत्र घ्यायचं आहे. साखर असो, कांदा असो, साठेबाजी झाली की माल बाजारातून गडप होतो. लोकरीचं उलटं आहे: तिची साठेबाजी होते म्हणून ती अजून बाजारात दिसते. हे विधान ऐकायला चहाटळ वाटेल, पण पुरावा बघून निकाल द्यावा.

आधी वेडाची लक्षणं पाहू, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. राइनबेकला जाणारे कित्येक लोक जत्रेत घालायला म्हणून खास स्वेटर विणतात. त्याला ‘राइनबेक स्वेटर’ असं नावच पडलं आहे. जत्रा ऑक्टोबरात, म्हणजे भर उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन टाके घालायला बसायचं. सप्टेंबर उजाडला तरी एक बाही बाकी असते आणि जत्रेच्या वाटेवर, गाडीच्या पुढच्या सीटवर, गळा पुरा होतो. एवढं करून तो शनिवार कधी कधी असा उजाडतो की साध्या सदऱ्यातही घाम फुटावा. तरी स्वेटर अंगावरून उतरत नाही. वैशाखातल्या लग्नात पैठणी नेसून, ‘छे, मला कुठे उकडतंय’ म्हणत रुमाल टिपणारी वरमाय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढे काही समजावायला नको. या जत्रेत अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावणं असभ्य मानत नाहीत, कारण हात माणसाला लावलेला नसतो, विणीला लावलेला असतो. आपल्याकडे हळदीकुंकवाला शेजारणीचा पदर चिमटीत धरून ‘कुठून घेतली हो?’ विचारतात, त्यातलाच हा प्रकार. दोन माणसं वर्षभराने भेटतात तेव्हा नावं आठवत नाहीत, मागच्या वर्षीचा स्वेटर मात्र नमुन्यासकट आठवतो. तळलेल्या आर्टिचोकच्या रांगेत लोक अर्धा-अर्धा तास उभे राहतात आणि कुरकुर करत नाहीत, कारण रांगेत दोन्ही हात मोकळे असतात आणि मोकळ्या हातांत सुया असतात. रांग जितकी लांब तितका मोजा लांब.

जत्रेत पाऊल टाकताना प्रत्येकाचा एक निर्धार असतो: यंदा घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. हातमागाच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या आपल्या माणसांचाही हाच असतो, आणि त्याचं आयुष्यही तेवढंच असतं. लोकर तिथे गुंडा करून ठेवलेली नसते. पिळा घातलेल्या लड्या दसऱ्याच्या झेंडूच्या माळांसारख्या खुंट्यांना लटकत असतात आणि बघायचं म्हणून हात लावला की हात परत येत नाही. मग युक्तिवाद सुरू होतात. हा रंग आपल्याकडे नाही. हा आहे, पण या छटेत नाही. या छटेत आहे, पण ती लोकर जाड आहे, ही बारीक आहे. अमकीला डिसेंबरात बाळ होणार आहे, बाळंतविड्यात कुंची-मोजे लागतील. बाळ व्हायचं कुणाचंच नसेल, तरी कधी तरी कुणाला तरी होईलच. एकच लडी उरली आहे, म्हणजे दुसरं कुणी नेणार. भरपूर लड्या आहेत, म्हणजे स्वेटरपुरत्या एकाच रंगाच्या मिळतील. दुकानात माल कमी असला तरी घ्यायचा आणि जास्त असला तरी घ्यायचा, असं दोन्ही बाजूंनी सिद्ध होणारं अर्थशास्त्र आपण फक्त लक्ष्मी रोडवर पाहिलेलं असतं.

पण रंगीत लड्यांत रमणारी ही मंडळी तशी संसारी. जत्रेतला खरा साधक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो जातो कातरलेल्या कच्च्या लोकरीच्या विक्रीला. तिथे एकेका मेंढीची एका कातरणीची सगळी लोकर एकेका पिशवीत भरून मांडलेली असते. सोबतच्या चिठ्ठीवर जात, वजन आणि बऱ्याचदा मेंढीचं नावही असतं. हा साधक पिशवीत कोपरापर्यंत हात घालतो, आतून एक बट ओढून काढतो, तिची दोन्ही टोकं चिमटींत धरतो, कानाजवळ नेतो आणि झटका देतो. ‘टिंग’ असा स्वच्छ नाद आला तर तंतू धडधाकट. कुरकुर, कचकच ऐकू आली तर मेंढी त्या वर्षी कधी तरी आजारी पडली असणार किंवा उपाशी राहिली असणार. त्या दिवसांत वाढलेला तंतू कच्चा, कातताना तिथेच तुटणार. मंडईत नारळ कानाशी धरून हलवणाऱ्यांना हा सोहळा परका वाटू नये. मग तो ती पिशवी पाठीवर मारून घरी नेतो. आत काय असतं? गवत, कुसळं, लेंड्या, मातीचा थर आणि लॅनोलिन नावाचं मेंढीच्या अंगचं मेण. मेरिनोसारखी तेलकट लोकर धुतली की निम्म्यापर्यंत वजन मोरीवाटे निघून जातं, म्हणजे या सद्गृहस्थाने जवळजवळ निम्मे पैसे मळाचे मोजले. शिवाय ती धुवायची कडकडीत पाण्यात आणि ढवळायची अजिबात नाही, कारण ढवळली की तंतू एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा होतो. तेव्हा दोन दिवस न्हाणीघरात मेंढी भिजत असते आणि घरची माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात.

आता हिशेब. हाताने रंगवलेली १०० ग्रॅमची चांगली लडी तिथे ३० डॉलरच्या आसपास पडते. मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाच्या स्वेटरला अशा पाच तरी लागतात. झाले १५० डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. त्या स्वेटरला टाके पडतात पन्नास हजारांच्या घरात. सराईत हात मिनिटाला पंचवीस टाके घालतो असं धरलं तर तेहतीस तास झाले, आणि यात उलटच्या जागी सुलट पडला म्हणून उसवलेल्या दहा ओळींचा, चहाचा आणि ‘कुठवर आले होते मी?’ या प्रश्नाचा वेळ धरलेला नाही. तयार स्वेटर मॉलमध्ये तीस-चाळीस डॉलरला मिळतो आणि तो कपाटातून अंगावर यायला सहा महिने लागत नाहीत. मराठीत न सुटणाऱ्या प्रश्नाला भिजत घोंगडं म्हणतात. ज्याने हा शब्दप्रयोग पाडला त्याला लोकर चांगली ठाऊक असणार. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण घोंगडं खरोखर भिजलं की ते उचलवत नाही आणि वाळतही नाही. विणणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अशी पाच-सात घोंगडी सुयांवर भिजत पडलेली असतात: पाठ झालेला पण पुढा न झालेला स्वेटर, जोडीदाराची वाट बघणारा एकटा मोजा, ज्याच्यासाठी सुरू केली ते बाळ शाळेत जायला लागलं तरी न संपलेली कुंची. अमेरिकेतल्या विणणाऱ्यांत तर साठ्याची एक पायरी ठरलेली आहे: उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर. तिचं त्यांनी आद्याक्षरांचं लघुनाम केलं आहे, ‘सेबल’. आणि ते शरमेने नव्हे, पदवी मिळाल्यासारखं सांगतात.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही शुद्ध नासाडी आहे. जे वापरायचं नाही ते घ्यायचंच कशाला? याचं सोपं उत्तर प्रतिवादीच्या दिवाणखान्यात सापडतं. प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेला समग्र वाङ्मयाचा संच, विश्वकोशाचे खंड, संमेलनाच्या मांडवातून पिशव्या भरभरून आणलेली आणि दोऱ्याची गाठही न सुटलेली पुस्तकं. यांना कुणी नासाडी म्हणत नाही, ग्रंथप्रेम म्हणतात. पण ‘तूही तसलाच’ हा बचाव दुबळ्या वकिलाचा. सबळ उत्तर असं, की आक्षेप घेणारा फक्त गिऱ्हाइकाचं कपाट बघतो, मेंढीकडे बघत नाही. मेंढीला बाजारभाव कळत नाही. भाव पडला म्हणून तिची लोकर वाढायची थांबत नाही. माणसाने शतकानुशतकं निवडून निवडून तिची जातच अशी घडवली, की वर्षातून एकदा तरी कातरावंच लागतं. नाही कातरलं तर उन्हाने, किड्यांनी, स्वतःच्याच ओझ्याने ती हैराण होते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ कळपापासून भरकटलेला एक मेरिनो मेंढा सापडला. त्याला लोकांनी ख्रिस म्हटलं. त्याच्या अंगावरून एका कातरणीत ४० किलोहून जास्त लोकर निघाली. न वापरता लोकर साठवण्याचा विक्रम कुणा बाईच्या कपाटाच्या नावावर नाही, एका मेंढ्याच्या नावावर आहे, आणि त्याचा तो जीव घेणार होता.

तेव्हा लोकर ही धनगराच्या दृष्टीने पीक कमी आणि जबाबदारी जास्त. आज जगात कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या एकूण तंतूंत लोकरीचा वाटा जेमतेम एक टक्का उरला आहे. निम्म्याहून अधिक एकट्या पॉलिएस्टरचा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या, आता पन्नास लाखांच्या आसपास आहेत. इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत लहान मेंढपाळांची तक्रार एकच: कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून सुटत नाही. ठोक व्यापाऱ्याला दिली तर जाडसर लोकरीला पौंडामागे डॉलरभरही येत नाही. तीच लोकर नीट निवडून, कुसळं झटकून, पिशवीवर मेंढीचं नाव लिहून जत्रेत मांडली तर पौंडाला दहा-पंधरा डॉलर देणारा भेटतो. हा भाव देणारा कोण? अंगात घालायला स्वेटर हवा असलेला माणूस नव्हे. तो केव्हाच मॉलकडे गेला. हा भाव देतो तो बट कानाशी नेणारा, मळाचे पैसे मोजणारा, ‘सेबल’ मिरवणारा वेडा. गरजेपुरती लोकर घेणाऱ्यांच्या जिवावर हे कळप उभे राहिले असते, तर कधीच बसले असते. कारण गरज अशी आता कुणाला उरलेलीच नाही. मोजे दोन लागतात, स्वेटर चार पुरतात, आणि शहाणा माणूस तिथे थांबतो. मेंढी थांबत नाही. तिच्या न थांबण्याला पुरून उरेल असा एकच गुण माणसाच्या अंगी आहे: हव्यास.

इतिहास जाणणारा इथे दुसरा आक्षेप घेईल, की वेडावर उभा राहिलेला धंदा वेड ओसरलं की कोसळतो. आणि साक्षीला हडसनचं खोरंच उभं करील. राइनबेकपासून थोडं उत्तरेला क्लर्मॉन्ट नावाची जुनी जहागीर आहे. तिचा मालक रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ यानेच दिली. पुढे फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील असताना, एकीकडे लुइझियाना प्रांताच्या खरेदीची वाटाघाट चालू असताना, या गृहस्थाने १८०२ साली तिथून मेरिनो मेंढ्या घरी धाडल्या. स्पेनने या जातीची निर्यात शतकानुशतकं बंद ठेवली होती, त्यामुळे तिचा दिमाख मोठा. १८०९ साली त्याने मेंढ्यांवर पुस्तकही लिहिलं. लवकरच अमेरिकेला मेरिनोचं असं खूळ लागलं की एकेक मेंढा हजार-हजार डॉलरला जाऊ लागला. मग १८१२चं युद्ध संपलं, इंग्लंडचं स्वस्त कापड बंदरात उतरलं आणि भाव धाडकन आपटले. साक्ष खरी आहे, पण ती माझ्याच बाजूची आहे. त्या वेळी मेंढा घेणारे विकण्यासाठी घेत होते. आज शंभरला घेऊन उद्या हजाराला विकू, या आशेने घेतलेली वस्तू भाव घसरताच सगळे एकदम बाजारात काढतात. राइनबेकचा साठेबाज आपली लडी विकायला काढत नाही. ती विकायची कल्पनासुद्धा त्याला अभद्र वाटते. नफ्याची आशा नाही म्हणून घबराट नाही, घबराट नाही म्हणून फुगा फुटत नाही. सटोडियापेक्षा हौशी माणूस धंद्याला जास्त भरवशाचा, कारण तो तोट्याला आधीच तयार असतो.

तिसरा आक्षेप मात्र मानायला हवा. जत्रेतल्या रंगीबेरंगी ढिगाऱ्यातला मोठा भाग शेजारच्या गोठ्यातून आलेला नसतो. पुष्कळ लड्या परदेशी मेरिनोच्या, कुठल्या तरी मोठ्या गिरणीत कातलेल्या आणि इथे फक्त रंगवलेल्या असतात. मग गिऱ्हाइकाचे तीस डॉलर जातात ते रंगाऱ्याला आणि गिरणीला. पलीकडच्या पडवीत उभी असलेली मेंढी नुसती शोभेला. हे खरं आहे. पण हेही खरं, की रंगाला भुलून आलेला माणूस दुसऱ्या वर्षी पडवीपर्यंत जातो. वेडाला पायऱ्या असतात आणि माणूस त्या चढत जातो. हे नेमकं हेरलं अमेरिकेच्या ‘द लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी’ने. ही संस्था १९७७पासून दुर्मीळ होत चाललेल्या पाळीव जनावरांच्या जाती टिकवायचं काम करते. मेंढ्यांच्या जाती वाचवा म्हणून तिला भाषणं करता आली असती, पत्रकं वाटता आली असती. तिने २०१९ साली साठेबाजीलाच हात घातला. ‘शेव्ह एम टू सेव्ह एम’, म्हणजे कातरा आणि वाचवा, अशी मोहीम काढली. विणणाऱ्याने दुर्मीळ जातीची लोकर थेट मेंढपाळाकडून घ्यायची, तिचं काही तरी करायचं, आणि पासपोर्टसारख्या वहीत त्या जातीचा शिक्का गोळा करायचा. वहीतला रिकामा चौकोन भरून काढायला माणूस काय करील याला मर्यादा नसते. लहानपणी काड्यापेट्यांचे छाप जमवलेल्यांना हे सांगायला नको. ज्यांची लोकर वखारीत कुजत पडायची त्या जातींना गिऱ्हाईक मिळालं ते असं.

चौथा आक्षेप नैतिक आहे, म्हणून तो घेणाऱ्याचा आवाजही जरा चढलेला असतो: ही सगळी पोटभरल्यांची चैन. मजुराला विणलेलं परवडत नाही म्हणून गिरणी आली, आणि आता गिरणीवर पोसलेले लोक हाताने कातण्याची हौस करतात! हा आक्षेप मराठी माणसाने घेऊ नये, कारण हे भांडण आपण शंभर वर्षांपूर्वी भांडून झालो आहोत. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ निघाला तेव्हा खादी गिरणीच्या कापडाहून महाग होती आणि वर खरखरीत होती. हिशेबी माणसं तेव्हाही हेच विचारत होती, की स्वस्त आणि मऊ सोडून महाग आणि जाडं का घ्यायचं? उत्तर असं, की किमतीतला फरक कापडाचा नव्हे, कातणाऱ्याच्या भाकरीचा आहे. संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या हातून पेटीत मिटणारा चरखा सिद्ध झाला. त्याच घराण्यातला, पुस्तकासारखा मिटणारा चरखा आज अमेरिकेतल्या लोकरीच्या जत्रांत सूत कातणारे मांडीवर घेऊन बसलेले असतात. बारीक कापूस कातायला दुसरं यंत्र इतकं सोयीचं नाही असं ते सांगतात. राइनबेकचा साठेबाज स्वतःला देशभक्त समजत नाही, पण महाग लडी घेताना तो करतो ते खादीचंच अर्थशास्त्र. फक्त त्यात त्याग नाही, चंगळ आहे. आणि मेंढपाळाला पैसे त्यागातून आले की चंगळीतून, याने फरक पडत नाही.

आता ही कसोटी घरी लावून पाहू, कारण जिथे हे वेड नाही तिथे काय होतं त्याचा पुरावा आपल्या दारात आहे. आपली दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळात तग धरणारी, मैलोगणती चालणारी. तिच्या लेंडीखताला मान आहे. शेतकरी रान मोकळं करून मेंढ्या बसवून घेतो आणि धनगराला धान्य किंवा पैसे देतो. तिच्या मटणाला भाव आहे. फक्त लोकरीला कुणी नाही. ती जाड, राठ, अंगाला टोचणारी. पूर्वी सणगर ती खड्डामागावर विणायचे, उभाराला चिंचोक्याची खळ द्यायचे, आणि जी घोंगडी निघायची ती पाऊस, थंडी, बसणं, निजणं, डोक्यावरची खोळ, सगळ्याला चालायची. कोकराच्या पहिल्या लोकरीला आपण जावळ म्हणतो, पोराच्या पहिल्या केसांना म्हणतो तोच शब्द; जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. मग स्वस्त ब्लँकेटं आली, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून केलेली, आणि ती होतात मुख्यतः पानिपतला. मराठी घोंगडीचं पानिपत पानिपतातच व्हावं, हा दैवाचा विनोद फारच ठोकळेबाज झाला. लोकरीचे पैसे होईनात, कातरणीची मजुरी अंगावर पडू लागली, कातरलेली लोकर टाकून देण्याची पाळी आली. तेव्हा हिशेबी माणूस करील तेच कळपवाले करू लागले: अंगावर लोकर जवळपास नसलेल्या, वजनाला भरणाऱ्या जतकडच्या माडग्याळ मेंढ्या धरू लागले. कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. सगळे शहाण्यासारखे वागले. शहाणपणाने जात मागे पडते ती अशी.

‘पण टोचते हो!’ हा शेवटचा आक्षेप. टोचते खरी. हॅरिस ट्वीडही टोचतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर घरोघरी मागावर विणलेलं ते जाडं, खरखरीत कापड. त्याची व्याख्या बिघडू नये म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १९९३ साली कायदा केला, आणि त्याचा कोट घेणारा माणूस टोचण्याचे जादा पैसे आनंदाने मोजतो. मऊपणा हा लोकरीचा एक गुण आहे, एकुलता एक नाही. बसकर, गालिचा, खोगीर, पिशवी यांना गालाला लावून बघायचं नसतं. दख्खनी लोकरीला कमी पडते ती मेंढी नव्हे, धनगर नव्हे, जत्राही नव्हे. पट्टणकोडोलीला लाखोंची गर्दी होते आणि तिथे लोकर हवेत उडते. कमी पडतं ते बट कानाशी नेऊन झटका देणारं, गरज नसताना घेणारं, घरी आणून लपवून ठेवणारं गिऱ्हाईक. राठ वस्तू कौतुकाने विकत घेण्याची चूक करायला आपण फार लवकर शहाणे झालो.

म्हणून वाचकाला विनंती, की पुढच्या खेपेला घोंगडी विकणारा दिसला तर भाव करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: लोकर कोणत्या मेंढीची, कातली कुणी, विणली कुठे. उत्तर चाचरत आलं तर ती पानिपतची समजून पुढे जावं. उत्तर ठाम आलं तर घासाघीस न करता दोन घ्याव्यात. एक वापरावी. दुसरी डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवून द्यावी आणि तिचं पुढे काय करायचं याचा विचार करू नये. मेंढीच्या दृष्टीने दुसरीच जास्त उपयोगाची आहे.